शिवणयंत्रावरची पहिली गोधडी

रायपूर शहरात चौबे कॉलोनी या वस्तीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. छत्तीसगडात मराठी कुटुंबे कशी आली, याचा इतिहास बराच मागे जातो. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करपंतांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. नोकरी, वकिली, शिक्षकी, रेल्वे अशा निमित्तांनी आलेली माणसे येथे स्थिरावली. घरातली भाषा मराठी राहिली, बाजारातली हिंदी झाली, आणि एकाच वस्तूला दोन नावे मिळाली. उंबरठ्याच्या आत जी गोधडी, तीच अंगणापलीकडे कथरी.

अशा घरांतून आज एक अडचण सर्रास आढळते. वापरून वापरून मऊ झालेली आजीची लुगडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेली असतात. ती टाकून देववत नाहीत आणि नेसण्याच्या उपयोगाचीही राहिलेली नसतात. त्यांची हाताने गोधडी शिवणारी पिढी मात्र मागे पडली आहे. पूर्वी एका गोधडीसाठी दोघीतिघी समोरासमोर बसत आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यात घालवीत. आता तेवढा वेळ आणि तेवढे हात एका घरात मिळत नाहीत. शिवणयंत्र तेवढे असते. त्यावर गोधडी होते का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. होते, परंतु हातशिवणीची रीत जशीच्या तशी यंत्रावर नेता येत नाही. ती का नेता येत नाही हे आधी समजून घेतले, तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

हाताची गोधडी जमिनीवर जन्माला येते. खाली एक लुगडे ताणून पसरायचे, त्यावर जुनी धोतरे, पंचे, चिंध्या यांचे थर लावायचे, वर दुसरे लुगडे घालायचे आणि कडेपासून धावदोरा घालीत चौकोनी फेऱ्यांनी आत आत मध्यापर्यंत यायचे. थर जागचे हलत नाहीत. हलतो तो हात. एखाद्या ठिकाणी कापड फुगू लागले, तर शिवणारी बाई ते बोटाने दाबून पुढच्या दोन टाक्यांत जिरवून टाकते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांतील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी अशाच रीतीने कोपऱ्यापासून मध्याकडे शिवतात, आणि ठिगळे लावणे व टाके घालणे ही दोन्ही कामे बरोबरच करतात. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे जे छोटे त्रिकोण बसवतात, त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली या सर्व एकाच कुळातल्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्यात, पूर्वी गुलाम असलेल्या लोकांच्या वंशजांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या केल्या. २००२ मध्ये त्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आपल्याकडे गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत. फाटक्या वस्त्राची अप्रतिष्ठा आणि त्याच वस्त्राची ऊब या दोन गोष्टी या एका शब्दात जवळजवळ नांदतात.

यंत्रावर सारे उलट होते. येथे सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापडाला सरकावे लागते. ते सरकवण्याचे काम सुईखालचे दाते करतात. परंतु दात्यांची पकड फक्त सर्वांत खालच्या कापडावर असते. वरून प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वरच्या थराला मागे रेटीत असतो. दोन कापडे जोडताना हा फरक जाणवत नाही. तीन-चार थर असले की तो साठत जातो. खालचे कापड टिपेबरोबर पुढे निघून जाते, वरचे मागे रेंगाळते, आणि टीप संपते तेथे त्याची चुणी पडते. कडेपासून आत शिवत गेल्यास हे सारे जादा कापड मध्यावर येऊन अडकते आणि तेथून त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून यंत्रावर नेहमी मध्यापासून बाहेर जावे. आजीची रीत चुकीची होती असा याचा अर्थ नव्हे. तिचे साधन निराळे होते, इतकेच.

टाक्याच्या स्वरूपातही भेद आहे. धावदोऱ्यात एकच दोरा वरखाली जातो, त्यामुळे कापड लवचिक राहते. यंत्राच्या टिपेत दोन दोरे थरांच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. या अडक-टाक्याच्या यंत्राचे पेटंट एलियस हाऊ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत घेतले. ही टीप मजबूत असते, सहजासहजी उसवत नाही, आणि नेमकी म्हणूनच जुन्या कापडाला जाचते. जवळजवळ पडलेल्या भोकांची रांग जीर्ण सुतात तिकिटाच्या कडेसारखी होते आणि पुढे एखाद्या धुण्यात कापड त्या रांगेवर फाटते. तेव्हा ज्या लुगड्याचा जीव कमी झाला आहे, ते पहिल्याच गोधडीच्या दर्शनी बाजूस लावू नये. दोन्ही बाह्य अंगांना नवे सुती कापड घ्यावे आणि जुने लुगडे किंवा धोतर मधल्या थरात घालावे. ते दिसणार नाही, पण ऊब त्याचीच राहील, आणि दोन्ही बाजूंच्या नव्या कापडाने ते सांभाळले जाईल. जे वस्त्र पुन्हा मिळायचे नाही, त्यावर हात बसवण्याचा सराव करू नये. या एका बाबतीत काटकसरीपेक्षा सावधपणा बरा.

पहिली गोधडी लहान असावी. येथे सांगितलेले माप साडेतीस इंच रुंद आणि साडेछत्तीस इंच लांब असे आहे. एवढी गोधडी तान्ह्या बाळाला अंथरायला पुरते आणि यंत्राच्या हाताखालून विनासायास फिरते. बाळाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सैल किंवा जाड पांघरूण असू नये, असे आजचे बालवैद्यक सांगते. ते तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. ही गोधडी बाळ जागे असताना, कोणाच्या तरी नजरेखाली, जमिनीवर अंथरण्यासाठी आहे असे समजावे.

यंत्र कोणतेही चालते. काळे, साधी सरळ टीप घालणारे जुने यंत्र या कामाला उत्तम. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे बनवायला घेतली; त्या घडणीची यंत्रे अनेक घरांत अजून बिनतक्रार चालतात. पायाने चालवायचे यंत्र शिकाऊ माणसाला अधिक सोयीचे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि वेग आपल्या ताब्यात असतो. हाताने फिरवायच्या यंत्रावर एक हात मुठीत अडकतो. तेथे मूठ फिरवायला घरातले एखादे मूल बसवावे. मुले हे काम आनंदाने करतात, फक्त थांब म्हटल्यावर थांबत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी यंत्र पुसून, दात्यांत अडकलेला कापूस काढून, तेल द्यावे आणि पहिल्या काही टिपा चिंधीवर घालाव्यात, म्हणजे तेलाचा डाग कापडावर उतरणार नाही.

कापड शुद्ध सुती हवे. रायपूरमध्ये पंडरीच्या कपडा बाजारात ते सहज मिळते. चौकोनांसाठी एक गडद आणि एक फिके असे पाऊण-पाऊण मीटर, पाठीसाठी मांजरपाट किंवा छापील सुती कापड एक मीटर, आणि गोटासाठी अर्धा मीटर घ्यावे. पन्हा ४४ इंचांचा धरला आहे. मधल्या थरासाठी जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे दोन पदर पुरतात. लुगड्याचा बसण्याच्या जागी येणारा भाग लवकर विरतो, काठ आणि पदराजवळचा भाग टिकून राहतो. कापड दोन्ही हातांत धरून उभे-आडवे ताणून पाहावे. करकर आवाज आला किंवा धागे फाकले, तर तो भाग मधल्या थरालाही घेऊ नये. पिंजारी पिंजून देतो तो सुटा कापूस रजईला ठीक, यंत्राच्या गोधडीला नको. तो सुईपुढे पळतो आणि धुतल्यावर त्याचे गोळे होतात. पॉलिएस्टरची तयार पट्टी शिवायला सर्वांत सोपी, हे खरे. परंतु ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथे ती अंगाखाली घाम आणते.

सर्व नवे कापड आधी धुऊन घ्यावे. सुती कापड आटते, आणि लाल व निळे रंग सुटतात. शिवल्यानंतर ते फिक्या चौकोनांत उतरले, तर इलाज नाही. धुतल्यावर हलकी खळ देऊन इस्त्री केली की कापताना कापड सरकत नाही. मग पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा काटकोनी चौकोन करून त्याबरहुकूम गडद कापडाचे १५ आणि फिक्या कापडाचे १५ तुकडे कापावेत. चौकोनाची कड उभ्या धाग्याला समांतर असावी, कारण तिरपे कापलेले कापड ताणले जाते.

तुकड्यांच्या पाच-पाचांच्या सहा ओळी करायच्या, गडद आणि फिका असा क्रम आलटून पालटून ठेवीत. प्रत्येक जोडाला पाव इंच शिवणमाया. हे पाव इंच म्हणजे या कामातले खरे शिस्तीचे ठिकाण होय. दोन तुकडे जोडून माप घ्यावे. साडेबारा इंच भरले तर बरोबर. प्रत्येक जोडात केवळ एक अष्टमांश इंच जास्त खाल्ले गेले, तरी पाच तुकड्यांच्या ओळीत अर्धा इंच कमी पडतो, आणि अशी एक ओळ दुसऱ्या बिनचूक ओळीला जोडताना चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत. पुष्कळ यंत्रांवर सुईपासून पायाच्या कडेपर्यंतचे अंतर पाव इंचाच्या जवळपास असते, पण ते गृहीत धरू नये. मोजून, सुईखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीची खूण करावी. जोडांची माया इस्त्री करताना पहिल्या ओळीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे अशी वळवावी. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवताच जोड एकमेकांत बसतात, आणि हे बसलेले बोटाला कळते.

आता थर लावणे. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर पाठीचे कापड उलटी बाजू वर करून पसरावे. ते चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे, म्हणजे साडेचौतीस बाय साडेचाळीस इंच असावे. त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात. कापड सपाट हवे, ताणलेले नको, कारण ताणलेले कापड पट्टी काढताच आक्रसते आणि वरचे चौकोन फुगतात. त्यावर तेवढ्याच मापाचा मधला थर, आणि सर्वांत वर चौकोनांचे कापड, सुलटी बाजू वर करून. प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळव्याने सारखा करावा. मग मध्यापासून सुरुवात करून चार-चार बोटांच्या अंतरावर सेफ्टी पिना लावाव्यात. पिना लावण्यापूर्वी मोजाव्यात, आकडा कागदावर लिहावा, आणि काम संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. बाळाच्या अंथरुणात राहिलेली एक पीन हा या साऱ्या उद्योगातला सर्वांत मोठा अपघात आहे. हाताशी वेळ असेल, तर पिनांऐवजी लांब कच्चे टाके घालावेत; ते नंतर ओढून काढता येतात आणि टीप घालताना मध्ये येत नाहीत.

यंत्राची तयारी पुन्हा करावी. सुई नवी, १६ नंबरची. टाका ३ मिलिमीटरांचा, म्हणजे इंचाला सुमारे आठ. काळ्या यंत्राच्या डोक्यावर डाव्या बाजूस जो स्क्रू असतो, तो थोडा सैल करून प्रेसर फूटचा दाब कमी करावा. वरच्या थराचे रेंगाळणे याने बरेच कमी होते. वरूनही कापड पुढे ओढणारा, दाते असलेला खास पाय नव्या यंत्रांसाठी मिळतो. मिळाल्यास अवश्य वापरावा, परंतु त्यावाचून काही अडत नाही. उरलेल्या कापडांचे असेच तीन थर करून त्यावर एक टीप घालून पाहावी. खालचा दोरा पाठीवर तारेसारखा सरळ पडून वरच्या दोऱ्याचे फास खाली दिसू लागले, तर वरचे टेन्शन सैल आहे किंवा दोरा नीट ओवलेला नाही. वरचा दोरा सरळ पडून खालचा वर डोकावला, तर टेन्शन जास्त आहे.

सहा ओळी असल्यामुळे एक आडवी शिवण बरोबर मध्यावर येते. तिच्या बाजूने, पाव इंच अंतर राखून, पहिली टीप घालावी. शिवणीच्या ऐन खाचेतून टीप घालावी असे पुष्कळ पुस्तकांत सांगितलेले असते. शिकाऊ हाताला तो सल्ला मानवत नाही. खाचेतली टीप केसभर हलली तरी डोळ्यांत भरते. पाव इंचावरची टीप थोडी वाकडी गेली, तरी ती हातची वाटते. पायाची कड शिवणीवरून चालवायची, नजर सुईवर न ठेवता पायाच्या पुढे ठेवायची. सुईकडे पाहून शिवणाऱ्याची टीप नेहमी वाकते.

उजवीकडचा भाग गुंडाळून यंत्राच्या हाताखाली सरकवावा, डावीकडचा मेजावर पसरलेला असावा. तो मेजावरून खाली लोंबत राहिला, तर त्याचे वजन कापडाला मागे ओढते आणि टाके लहान पडतात. डाव्या बाजूस एक स्टूल ठेवले की काम भागते. मध्यापासून उजवीकडे एकेक शिवण घेत, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंनी टीप घालीत जावे. प्रत्येक टिपेगणिक हाताखालची गुंडाळी लहान होते. उजवा अर्धा पुरा झाला की गोधडी फिरवून दुसरा अर्धा तसाच करावा. शेजारशेजारच्या टिपा एकाच दिशेने घालाव्यात. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर अशा घातल्या, तर थर दोन बाजूंना ओढले जाऊन त्यांच्यामध्ये तिरप्या सुरकुत्या पडतात.

दोन्ही तळवे सुईच्या दोन्ही अंगांना सपाट ठेवून कापड नुसते सारखे करावे. ढकलू नये आणि मागून ओढूही नये, कारण ओढल्याने सुई वाकते आणि पत्र्यावर आपटून मोडते. थांबायचे असेल, तेव्हा सुई कापडात खुपसलेली असावी. पीन जवळ आली की थांबून काढावी. पिनेवरून शिवायचे धाडस करू नये. प्रत्येक टिपेनंतर गोधडी उलटून पाठीवरून हात फिरवावा. चुणी शिवली गेली असेल, तर ती तेव्हाच उसवावी. खालच्या बाजूचा दर चौथा टाका कापून वरचा दोरा ओढला, की टीप कापडाला न दुखावता निघते.

आडव्या टिपा झाल्यावर उभ्या घ्याव्यात, मधल्या पट्ट्याच्या दोन शिवणींपासून सुरुवात करून. येथे एक नवी अडचण येते. आडव्या टिपांनी बांधलेल्या चौकोनात थोडे जादा कापड उरलेले असते, आणि उभी टीप ते ढकलीत पुढच्या आडव्या टिपेशी आणून जमा करते. टिपांच्या छेदापाशी येण्यापूर्वी, दोन इंच अलीकडे, वेग अगदी कमी करावा आणि दोन्ही हातांनी कापड बाजूंना हलकेच फाकवून धरावे. जमिनीवर बसलेली बाई बोटाने कापड जिरवते म्हणून वर सांगितले, तेच काम येथे दोन तळव्यांनी करायचे असते, आणि या एका ठिकाणी यंत्राची गोधडी हाताच्या गोधडीच्या अगदी जवळ येते. मधला थर जुन्या लुगड्याचा असल्यास प्रत्येक उभ्या पट्ट्याच्या मध्यातून आणखी एक टीप घालावी, म्हणजे जीर्ण कापडावर धुण्याचा ताण एकवटणार नाही. याहून दाट शिवू नये. गोधडी पुठ्ठ्यासारखी होते.

गोट लावणे तुलनेने सोपे. बाहेर आलेली पाठ आणि मधला थर वरच्या कापडाच्या कडेबरोबर कापून चारही कोपरे काटकोनात आणावेत. अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या तिरप्या जोडांनी एकमेकींना जोडून, लांबीत दुमडून इस्त्री कराव्यात. दुमडीच्या विरुद्ध कडा वरच्या बाजूस गोधडीच्या कडेशी जुळवून पाव इंचावर टीप घालावी आणि गोट मागे वळवून हाताने तुरपून टाकावा. कडा सरळ असल्यामुळे उरेप पट्टीची गरज नाही. घाई असेल, तर मागची बाजूही यंत्रावर शिवता येते. तान्ह्या बाळाच्या गालाला मात्र तुरपाई अधिक मऊ लागते.

शेवटी पिना मोजून मग धुण्यास घ्यावी. पहिल्या धुण्यात सूत थोडे आवळते, टिपांच्या दोन्ही बाजूंनी कापड किंचित फुगते, आणि जे वाकडेपण शिवताना डाचत होते त्याचा बराचसा भाग त्या सुरकुत्यांत मिसळून जातो. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. धोपटू नये, पिळू नये, दाबून पाणी काढावे. ओली गोधडी दोरीवर एका कडेने टांगली, तर तिचे सारे वजन वरच्या दोन-चार टिपांवर येते, म्हणून ती खाटेवर पसरून वाळवावी आणि अधूनमधून उलटावी. आषाढ-श्रावणात रायपूरच्या हवेत मधला थर वरून कोरडा भासला तरी आतून ओला असतो; तशीच घडी घातल्यास काळे ठिपके पडतात. त्या दिवसांत धुणे टाळावे आणि ऊन पडेल तेव्हा तास-दोन तास गोधडी नुसती उन्हात टाकावी.